आज आम्ही दोघं समुपदेशनाला गेलो

चूक कोणाची हे तिथे ठरणार, या धास्तीनेच गेले होते. बाईंनी सुरुवातीला स्वतःबद्दल सांगितलं. आधी त्या शिक्षिका होत्या. मुलांच्या अबोल्यामागे घरातला ताण दिसायला लागला, म्हणून इकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या संसारातले जाणकार तुम्हीच. मी सोबतीने विचार करणार." हार्लीन अँडरसन आणि हॅरॉल्ड गूलिशियन या अमेरिकी कौटुंबिक समुपदेशकांनी १९८० च्या दशकात मांडलेली ही सहयोगी पद्धत. समुपदेशकाने 'मला आधीच ठाऊक आहे' हे बाजूला ठेवून ऐकायचं. आणि किती मनापासून ऐकलं त्यांनी! नवरा म्हणाला, "घरी परक्यासारखं वाटतं." त्यांनी एवढंच विचारलं, "परकं म्हणजे कसं?"

अकरा वर्षांत मी हे कधीच विचारलं नव्हतं. तो बराच वेळ बोलत राहिला. मी मधे एकदाही बोलले नाही.