दुखणं गुडघ्यात, आजार खुब्यात

साठी ओलांडलेले एक शेतकरी काका डाव्या गुडघ्यासाठी फिजिओथेरपीला आले होते. आठ महिन्यांचं दुखणं. पट्टा, शेक, तेल, गुडघ्यातच एक इंजेक्शन, सगळं करून झालं होतं. सोबतच्या एक्स-रेत गुडघा वयाच्या मानाने चांगलाच दिसत होता. चपला काढल्या तेव्हा नजर पायांवर गेली. उजव्या पायाची नखं नीट कापलेली, डाव्याची वाढलेली.

"हात पोचत नाही तिथवर," काका म्हणाले.

गुडघा बिघडला तरी मांडी घालणं सुटतं, पण नखांपर्यंत हात न पोचणं ही बहुधा खुब्याची तक्रार.

उताणं झोपवून पाहिलं. गुडघा पूर्ण वाकला, दाबूनही दुखला नाही. मग खुबा आणि गुडघा दोन्ही ९० अंशांत धरून पाऊल बाहेरच्या बाजूला नेलं. असं केलं की खुबा आत फिरतो. उजवीकडे ३५ अंश मिळाले. डावीकडे ५ अंशांवरच सांधा अडला आणि काकांनी जांघ धरली. "हीच कळ गुडघ्यात उतरते!"

खुब्याची झीज सुरू झाली की आत फिरण्याची हालचाल बहुतेकदा सगळ्यांत आधी कमी होते. कळ गुडघ्यापर्यंत जाते, कारण ऑब्च्युरेटर नावाच्या नसेच्या फांद्या दोन्ही सांध्यांना मिळतात. तपासणी अर्ध्या मिनिटाची. आठ महिन्यांत ती झाली नाही, याचं फार वाईट वाटलं.

खुब्यांच्या एक्स-रेत चित्र स्पष्ट होतं. डावीकडे मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो ज्यात बसतो ती वाटी यांच्यामधली वरची फट जवळजवळ मिटलेली, तिथलं हाड पांढरं-घट्ट, कडेला हाडाचे काटे.

काकांनी उमेदीची सगळी वर्षं धान्याची पोती वाहिली होती. साधं चालतानाही एका पायावर भार आला की खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो, त्यात पाठीवरच्या पोत्याची भर. शेतकऱ्यांत खुब्याची झीज जास्त आढळते ती यामुळेच. इतरांत जन्मतः उथळ वाटी, लहानपणचा पर्थेस (खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा थांबून होणारा मुलांचा आजार) किंवा जुनं फ्रॅक्चर निघतं. तिशी-चाळिशीतल्या माणसाची जांघ दुखत असेल तर स्टेरॉइड आणि दारूबद्दल विचारायलाच हवं. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, आणि सुरुवातीला तो एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो.

काका काठी डाव्या, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या हातात धरत. ती उजव्या हातात दिली, मूठ मनगटाच्या घडीशी येईल इतकी कापली. चार फेऱ्यांतच डावीकडचा झोल कमी झाला. कुशीवर झोपून पाय उचलण्याचे व्यायाम दिले, १० चे ३ संच, कमोड वापरायला सांगितलं. रात्रीची झोप मोडायला लागली तर सांधा बदलण्याविषयी अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलायचं, हेही त्याच दिवशी घरच्यांना सांगितलं.