सोलकढीच्या रंगाचं तेल

ड्रेन बोल्ट सैल केला आणि ट्रेमध्ये जे उतरलं ते बघून मी पाना खाली ठेवला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लाल आणि पारदर्शक असतं. हे गुलाबी होतं, दुधाळ, थेट सोलकढी. माझ्या हाताखालचा पोरगा वाकून बघत म्हणाला, "दादा, आत पाणी गेलाहा." मी मान हलवली. गाडीमालक काका बाहेर बाकावर काठी टेकून बसले होते, त्यांना हे कसं सांगायचं याचाच मी विचार करत होतो.

गाडी बांद्याची. फॉर्च्युनर, तीन लिटर डिझेल, टू व्हील ड्राइव्ह, २०१२ ची, म्हणजे आपल्याकडे या गाडीला ऑटोमॅटिक आला त्याच वर्षाची. गिअरबॉक्स चार गिअरचा, मॉडेल ए३४०ई. दोन महिन्यांपूर्वी काका गोव्याहून परत येत होते आणि तेरेखोलचं पाणी रस्त्यावर आलेलं. बंपर बुडेल इतक्या पाण्यातून त्यांनी गाडी काढली. नंतर इंजिन ऑइल बदललं, फिल्टर बदलले, गाडी धुऊन वाळवली. गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर करायला एक छोटी नळी असते, ब्रीदर. तिकडे कुणी पाहिलंच नाही. तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून जे मिळेल ते ओढून घेते. यांच्या ब्रीदरची रबरी नळी खाऱ्या हवेनं तडकलेली. पाणी सरळ आत.

आतल्या क्लच प्लेट स्टीलच्या असतात आणि त्यांवर कागदी अस्तर चिकटवलेलं असतं. पाण्यानं ते अस्तर फुगतं, गोंद सुटतो. मग गाडी आधी गिअर उशिरा घेते, पुढे घसरायला लागते आणि एक दिवस चढावर नुसतं इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. काकांची गाडी झारापच्या पुढे तशीच थांबली आणि टो करून कुडाळला माझ्याकडे आली.

बॉक्स खोलला तर अस्तराचा लगदा सगळीकडे. ते एक वेळ चाललं असतं, प्लेटचं किट मिळतं. पण पंप घासला होता, प्लॅनेटरीच्या, म्हणजे आतल्या गिअरच्या संचाच्या, पिनांवर गंज चढून दात खाल्ले गेले होते, आणि केसच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, आतही ओरखडे होते. नवीन बॉक्सचा भाव विचारला तो गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून वर.

काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, ही इकून क्लचची गाडी घेतलंय तर ती चलवतलो कोण?" शुगरमुळे त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढलेला आहे. मुलगा मुंबईला. काकींना महिन्यातून दोनदा बांबोळीच्या गोवा मेडिकलला न्यावं लागतं आणि ते काम काका स्वतःच करतात, कुणाची गाडी बोलवत नाहीत. दोनच पेडल असलेली ही गाडी त्या घराचा डावा पाय होती.

मग फोन सुरू झाले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, कोल्हापुरात, बेळगावात. फॉर्च्युनरचा ऑटो बॉक्स आहे, असं सगळेच सांगतात. कुठला, ते विचारलं की गडबड. याच गाडीत पुढे पाच गिअरचा ए७५० आला. तो चार गिअरवाल्याच्या जागी बसत नाही. लांबी वेगळी, वायरिंग वेगळं, इंजिनचा कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही. नावाच्या शेवटी ई असेल तर टू व्हील, एफ असेल तर फोर व्हील, म्हणजे मागे चारी चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्स्फर केस लागणार. दोन ठिकाणांहून आलेले फोटो एवढ्यावरच बाद झाले. तिसरा म्हणाला, "सेम टू सेम आहे, डोळे झाकून बसवा." फोटोत ए३४०ई दिसत होतं. पैसे पाठवले, बॉक्स ट्रान्स्पोर्टनं आला.

त्या सकाळी गोणपाट अंथरून दोन्ही बॉक्स शेजारी शेजारी ठेवले. मागून बघितलं, सारखे. बाजूनं बघितलं, सारखे. पुढे आलो आणि थांबलो. इंजिनाला जोडतो त्या पुढच्या तोंडाच्या, बेल हाउसिंगच्या, बोल्टांची भोकं जुळेनात, स्टार्टरची जागा दुसरीकडे. हा आखातातून आलेल्या २.७ लिटर पेट्रोल गाडीचा बॉक्स होता. विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला.

पोरगा म्हणाला, "दादा, हाउसिंग बोल्टाचाच मां? आपला काढून हेका लावया, बसतला." तो बरोबर बोलत होता. या बॉक्सचं बेल हाउसिंग सुटं निघतं. आमचं हाउसिंग त्या केसला लावलं असतं तर बॉक्स दुपारपर्यंत गाडीखाली गेला असता, गाडी चाललीही असती. खरं सांगतो, मोह झाला. बाहेर दुसऱ्या दोन गाड्या थांबलेल्या, काकांचे रोज दोन फोन.

पण ते डिझेल इंजिन ३४३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, टाकतं, तेही खालच्या आरपीएमला. पेट्रोलवाल्याचा टॉर्क अडीचशेच्या आत. दोघांसाठी आतली भरणी एकसारखी असेल असं मला वाटेना. मी आलेला बॉक्स पूर्ण खोलला. क्लच प्लेट ज्यात बसतात तो ड्रम बाहेर काढला, रिंग काढली, प्लेट एकेक करून टेबलावर मांडल्या आणि शेजारी आमच्या ड्रममधल्या मांडल्या. मग पोराला मोजायला सांगितल्या. त्यानं मोजल्या, परत मोजल्या आणि माझ्याकडे बघितलं. आलेल्या बॉक्समध्ये एक कमी होती. तसाच बसवला असता तर काही महिने चालला असता आणि बांबोळीच्या वाटेवर कुठेतरी, काकी मागच्या सीटवर असताना, सुटला असता.

त्या टेबलासमोर उभा असतानाच वाट दिसली. आमचे ड्रम शाबूत होते, स्टीलला नुसता लगदा लागला होता. आलेल्या बॉक्सचा पंप, प्लॅनेटरी, केस एकदम चांगली. पिनांवर डाग नाही, तेलाला जळका वास नाही. केस त्यांची, ड्रम आमचे, अस्तराच्या प्लेट सगळ्या नव्या. तेलाच्या दाबानं गिअर बदलणारी वाल्व बॉडी आमचीच ठेवली, कारण आमचा कॉम्प्युटर तिच्याशीच बोलतो. तिचा प्रत्येक वाल्व काढून धुतला. इंजिनाचा जोर तेलातून बॉक्सला देतो तो टॉर्क कन्व्हर्टर, पेट्रोलवाला, बाजूला ठेवला. तो जास्त आरपीएमसाठी बनवलेला, डिझेलला लावला तर गाडी पाण्यात चालल्यासारखी वाटते. आमचा पुण्याला पाठवला. तिथे तो लेथवर कापून आत नवं लायनिंग बसवतात, परत वेल्ड करून बॅलन्स करतात. तो येईपर्यंत रेडिएटरमधला तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या. हे काम फार जण सोडून देतात. जुना लगदा तिथे राहिला की पहिल्याच चढाला नव्या बॉक्समध्ये उतरतो.

बसवायच्या दिवशी कन्व्हर्टर मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तो शाफ्टवर ठेवून हलक्या हातानं फिरवत आत ढकलायचा. खट करून बसतो, वाटतं झालं. नाही झालेलं. परत फिरवायचा, दुसरी खट. तिसरी खट झाली की पंपाच्या खाचेत गेला. दोनवर थांबून बोल्ट आवळले की इंजिनाला जोडताना पंप फुटतो. तिसरी खट मला ऐकू आली, तरी हाउसिंगवर सरळ पट्टी आडवी धरून व्हर्नियरनं खोली मोजली आणि जुना बॉक्स उतरवताना लिहून ठेवलेल्या मापाशी ताडून बघितली.

काकांना बोलावलं. चाचणीला मी शेजारी बसलो, स्टिअरिंगवर तेच. सावंतवाडी सोडून आंबोलीचा घाट. पाऊस नव्हता, धुकं होतं. दाणोली मागे पडली आणि चढ लागला. पहिल्या वळणाला गाडीनं गिअर खाली घेतला, झटका नाही. दुसऱ्या वळणाला घेतला. काका रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "ही आधी अशी नव्हती रे. आधीपेक्षा बरी आसा." घाटमाथ्यावर चहा घेतला, परत उतरलो.

गॅरेजला येऊन गरम बॉक्सखाली शिरलो. बोल्ट जरासा सैल करून चार थेंब कोऱ्या कागदावर घेतले आणि कागद काकांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. जास्वंदीसारखं लाल, आरपार. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता निघतंय. उद्या सकाळीच बांबोळी आसा."