नदीच्या वाळूतून धुपेचा वेग: बेरिलियम-१०चा नमुना तयार करताना

बेरिलियम-१० (बेरिलियमचा किरणोत्सारी समस्थानिक) मोजून जमिनीची धूप काढायची, तर यंत्रावरचं, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या अ‍ॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमीटरवरचं, मोजमाप ही त्यातली सगळ्यात कमी डोकेदुखी. आकडा बिघडतो तो त्याच्या कितीतरी आधी. वाळू उचलताना, क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) धुताना, कॅरिअर (नमुन्यात मुद्दाम घातलेलं साधं बेरिलियम) तोलताना.

तत्त्व साधं आहे. वैश्विक किरणांच्या माऱ्याने क्वार्ट्झमधला ऑक्सिजन फुटतो आणि बेरिलियम-१० तयार होतं. समुद्रसपाटीला, वरच्या अक्षांशांवर, ग्रॅममागे वर्षाला जेमतेम ४ अणू. उंचीवर जास्त. खडकात साधारण ६० सेंटिमीटर खाली गेलं की हा वेग एक-तृतीयांशाच्या आसपास येतो. जमीन सावकाश झिजत असेल तर कण वरच्या थरात जास्त काळ रेंगाळतो, साठा वाढतो. निर्मिती वर्षाला ५ अणू आणि साठा ग्रॅममागे १ लाख निघाला, तर झीज हजार वर्षांत सुमारे ३० मिलिमीटर, आणि ती गेल्या २० हजार वर्षांची सरासरी. अर्धायुष्य १३.८७ लाख वर्षांचं असल्याने एवढ्या काळात क्षय फारसा आड येत नाही.

वाळू वाहत्या पात्रातली घ्यायची, आणि एकाच जागी न खणता पाच-सहा ठिकाणांहून थोडी थोडी. धरणाच्या खाली किंवा ताज्या दरडीजवळ घेऊ नये: दरडीत खोलवरचा, कमी अणू असलेला माल येतो आणि धूप आहे त्याहून वेगवान दिसते. पाणलोटात बेसाल्ट किंवा चुनखडी असेल तर त्या भागातून क्वार्ट्झ येतच नाही. निर्मितीची सरासरी काढताना तो भाग वगळावा लागतो. हे विसरलेले हिशेब बरेच दिसतात.

२५० ते ५०० मायक्रॉनचा भाग चाळून चुंबकाने गडद खनिजं काढली, हायड्रोक्लोरिक ॲसिडने कार्बोनेट आणि लोहाचा गंज घालवला, की खरं काम सुरू. १ टक्का हायड्रोफ्लोरिक आणि १ टक्का नायट्रिक, लिटरमागे २० ग्रॅमच्या आसपास वाळू, गरम अल्ट्रासॉनिक टबमध्ये एक दिवस. असे किमान तीन हात. फेल्डस्पार क्वार्ट्झच्या आधी विरघळतं. शिवाय पावसाबरोबर आलेलं, कणांना चिकटलेलं बेरिलियम-१० याच पायरीत जातं, म्हणून वजन घटतंय म्हणून हात आखडायचा नाही. थोडा नमुना विरघळवून ॲल्युमिनियम तपासायचं. १०० ते २०० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) वर असेल तर पुन्हा टबात. ॲल्युमिनियमने पुढचा कॉलम (धातू वेगळे करणारी रेझिनची नळी) भरला की बेरिलियम भलत्याच वेळी बाहेर पडतं.

पुढे सुमारे ३० ग्रॅम क्वार्ट्झ आणि ०.२५ मिलिग्रॅम साधं बेरिलियम, म्हणजे कॅरिअर. यंत्र बेरिलियम-१०चं या साध्या बेरिलियमशी गुणोत्तर मोजतं, म्हणून उत्तर या वजनावर उभं असतं. कॅरिअरच्या बाटलीतलं पाणी झाकणाच्या फटीतून हळूहळू उडतं आणि द्रावण नकळत घट्ट होतं. आम्ही बाटली वापराआधी आणि वापरानंतर तोलून वजन तिच्याच लेबलवर लिहितो. मागचं वजन आणि आजचं जुळलं नाही, तर फरक उडालेल्या पाण्याचा.

तीव्र हायड्रोफ्लोरिकमध्ये विरघळवताना टेफ्लॉनची भांडी, आणि ॲसिडने भाजल्यास लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवंच. काच पूर्ण वर्ज्य: ती या ॲसिडात विरघळते, आणि प्रयोगशाळेच्या काचेतून बोरॉन येतं. बोरॉन-१०चं वस्तुमान बेरिलियम-१०इतकंच, यंत्राला गोंधळात टाकायला पुरेसं. नंतर पर्क्लोरिक किंवा सल्फ्युरिक घालून दोन-तीनदा धूर निघेपर्यंत आटवायचं. इथे घाई केली तर फ्लोराइड उरतं, आणि मग अमोनिया घालूनही हायड्रॉक्साइड खाली बसत नाही.

कॅटायन कॉलम बघण्यासारखा असतो. नमुन्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की टायटॅनियम नारिंगी होतं, आणि सौम्य सल्फ्युरिकबरोबर तो नारिंगी पट्टा रेझिनमधून खाली सरकताना डोळ्यांनी दिसतो. पट्टा पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबायचं, मगच १.२ मोलरचं हायड्रोक्लोरिक घालून बेरिलियम गोळा करायचं. अमोनिया ताजा हवा. जुन्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो आणि कार्बोनेट बेरिलियमला द्रावणातच धरून ठेवतं. पीएच ९च्या आसपास पारदर्शक जेली बसते. ती धुऊन, वाळवून, भाजून ऑक्साइड करायचं आणि नायोबियम धातूच्या पुडीत मिसळून कॅथोडमध्ये (यंत्रात नमुना धरणाऱ्या छोट्या पात्रात) ठासायचं.

प्रत्येक खेपेत कोरा नमुना हवा, तेच कॅरिअर, तीच ॲसिडं, फक्त क्वार्ट्झ नाही. वरच्या उदाहरणात ३० ग्रॅममध्ये ३० लाख अणू. कोऱ्यात ५० हजार निघाले तरी बिघडत नाही. पण धूप हजार वर्षांत ६०० मिलिमीटरची असेल, तर ग्रॅममागे अणू उरतात ५ हजार, एकूण दीड लाख, आणि त्यांच्या एक-तृतीयांश इतकी भर कोऱ्यातलीच. अशा पाणलोटात सुरुवातीलाच १०० ग्रॅम शुद्ध क्वार्ट्झ उरेल इतकी वाळू उचलावी, आणि कॅरिअर बाजारातलं न घेता वैश्विक किरणांपासून दूर, खोल खाणीतल्या फेनाकाइट या बेरिलियमच्या खनिजापासून केलेलं वापरावं.