पावतीवरचा ‘क्विंटल’

कापसाचा हंगाम भरात होता. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यावर, बैलबंड्या आणि ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर गेलेली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं काट्याची पावती पाहिली आणि टेबलावर परत ठेवली. “हे माह्यं नाव नाही. नाव बराबर करा, मंगच गाडी हलवतो.” काटा थांबला आणि दिवाणजींनी मला बोलावलं.

नाव विठ्ठल. छापलेल्या नावात वेलांटी ‘व’ला सोडून पुढच्या ‘ठ’वर चढली होती. दोन ‘ठ’ जोडलेले नव्हते, पहिल्याचा पाय मोडका दिसत होता. खाली ‘क्विंटल’मध्ये ‘क’ पाय मोडून एकटा, ‘व’ सुटा आणि वेलांटी ‘ट’च्या अंगावर. स्क्रीनवर मात्र तीच पावती बिनचूक.

कारण असं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, ‘वि’ साठवताना आधी ‘व’ आणि मग वेलांटी येते. दाखवताना वेलांटी आधी घ्यायची, जोडाक्षरं सांधायची, रफार पुढच्या अक्षरावर न्यायचा, हे वेगळं काम आहे. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये ते हार्फबझ नावाचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर करतं. इथे पीडीएफ बनवणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामात वापरलेला तयार कोड, अक्षराच्या एका कोडला एक आकृती एवढंच जाणत होती. मराठी फॉन्ट जोडल्यावर अक्षरांच्या जागी येणारे चौकोन गेले, अक्षरं आली, म्हणून ‘युनिकोड चालतं’ असं ठरलं. अशा टूलबद्दल मत देणारे बहुतेक जण इथेच थांबतात. मी कुठलंही टूल घेताना आधी ही ओळ छापून बघतो: श्री विठ्ठल, शेतकऱ्यांना ४ क्विंटल, ऱ्हास, हिंगणघाट, सूर्य.

प्रोग्राम बनवणाऱ्यानं तपासणी ठेवली होती, आणि तीच अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तयार पीडीएफमधला मजकूर काढायचा आणि डेटाबेसशी जुळवायचा. ती रोज पास होत होती. क्रम आतून बरोबरच होता, चूक फक्त चित्रात होती. मी तीच पावती क्रोममधून बनवली. कागद शुद्ध आला आणि तपासणी नापास झाली, कारण आकृत्या आता दिसण्याच्या क्रमानं बसल्या होत्या आणि मजकूर परत काढताना उलटसुलट होत होता. आता मंजूर कागदाचं चित्र ठेवून त्याच्याशी नवं चित्र जुळवतो. ते पहिलं चित्र मंजूर करायला मराठी वाचणारा माणूसच लागतो.

दुरुस्ती पपेटियरनं केली, ते प्रोग्राममधून क्रोम चालवतं. पावती एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानासारखी, भाषा ‘मराठी’ नोंदवलेली, नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट त्याच संगणकावर ठेवलेला, कारण नेटचा भरवसा नाही. फॉन्ट पूर्ण चढल्यावरच छपाई. प्रत्येक पावतीला नवा ब्राउझर उघडला की कमी मेमरीचा संगणक गुदमरतो. एकच ब्राउझर चालू ठेवून पान उघडायचं, काम झालं की पान बंद करायचं. टेम्प्लेटमधल्या शीर्षकाला अक्षरांत एक पिक्सेल जादा अंतर दिलेलं होतं. त्यानं शिरोरेषा तुटत होती, ते शून्य केलं.

काट्यावरचा थर्मल प्रिंटर ८० मिलिमीटरचा, इंचाला २०३ ठिपके, छापण्याजोगी रुंदी ७२ मिलिमीटर, म्हणजे ५७६ ठिपके. त्याच्या स्वतःच्या फॉन्टात मराठी नाही, म्हणून पावती ५७६ रुंदीचं चित्र करून पाठवावी लागते. करड्या छटा नकोत, ठिपका काळा किंवा पांढरा. बारीक फॉन्टची शिरोरेषा पुसट येते, म्हणून मध्यम जाडी आणि २४ ठिपक्यांखाली अक्षर नाही. आणि वजन मी मुद्दाम इंग्रजी आकड्यांत ठेवलं. पुसट कागदावर देवनागरी १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि शेतकरी ते वजन काट्याच्या डब्यावरच्या आकड्यांशी जुळवून बघतो.

त्या शेतकऱ्याला नवी पावती दिली. त्यानं बोट ठेवून नाव वाचलं आणि गाडी काढली.

दिवाणजी तीन आठवडे चुकलेली नावं पेनानं दुरुस्त करत होते, फोन कुणालाच केला नव्हता. म्हणाले, “आम्हाले वाटलं, मशीनचं मराठी असंच असते.” जुन्या पावत्या व्हॉट्सअॅपवर गेलेल्याच आहेत. त्या पुन्हा पाठवल्या तर एका क्रमांकाच्या दोन पावत्या होतात आणि हिशेबाला भांडण उभं राहतं. सध्या नव्या प्रतीवर ‘दुबार प्रत’ आणि मूळ तारीख छापतो आहे, जो मागेल त्यालाच.