कुरवाच्या डोक्यावरचा वसंत

बडोद्यात वसंत आला हे कळायला फार शोधाशोध करावी लागत नाही. सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले दिसू लागतात, पावागडच्या बाजूला पळस पेटतो आणि होळीच्या आठवड्यात बाजारात केसुड्याची, म्हणजे पळसाचीच, फुले विकायला येतात. या सगळ्याची छायाचित्रे मी अनेक वर्षे काढली आणि पुढेही काढीन. परंतु गेली काही वर्षे माघ-फाल्गुन आला की माझी पावले उलट दिशेला, पादरा आणि जंबुसरमार्गे खंभातच्या आखाताकडे, कंबोईच्या किनाऱ्याकडे वळतात. तेथे फूल नाही, झाड म्हणावे तर वेडी बाभूळ, आणि समुद्र मातकट. अशा ठिकाणी ऋतू पालटताना कसा दिसतो, हे समजायला मला तीन हिवाळे लागले.

आमच्या घरात समुद्र म्हणजे कोकणचा. अण्णांचे बालपण रत्नागिरीला गेले, त्यामुळे निळे पाणी, सुरूची बने आणि पांढऱ्या फेसाची रेघ हेच समुद्राचे चित्र माझ्या मनात लहानपणापासून ठसले होते. पहिल्यांदा कंबोईला गेले तेव्हा समोर नजर पोहोचेल तिथवर चिखल होता आणि पाणी म्हणजे क्षितिजाजवळची एक पुसट रेघ. मी चार-दोन छायाचित्रे काढून परत आले. दुसऱ्या खेपेला अण्णांनीच दिनदर्शिका पाहून भरतीची वेळ सांगितली. "तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती," हा त्यांचा लहानपणापासूनचा हिशेब. पौष शुद्ध चतुर्थी होती, म्हणजे तीन वाजता भरती. आम्ही अडीचलाच जाऊन उभे राहिलो, तर पाणी होते तिथेच, दूर! किनाऱ्यावर चहा विकणाऱ्या काकांनी समजावले की इथली भरती संध्याकाळी आहे. अण्णांचा हिशेब खोटा नव्हता, पण तो कोकणपट्टीचा होता. भरतीची लाट आखाताच्या मुखातून आत शिरते आणि या टोकापर्यंत यायला तिला काही तास लागतात, म्हणून तिथीचा नियम येथे तसाच्या तसा लागू पडत नाही. आता मी स्तंभेश्वर महादेवाच्या देवळात आधी चौकशी करते. तेथील शिवलिंग दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जाते, त्यामुळे पाण्याच्या वेळा त्या मंडळींइतक्या अचूक कोणालाच ठाऊक नसतात.

हे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते आणि उथळही होत जाते, म्हणून आत शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक 4-5 मीटर असतो, तर समोरच्या भावनगरच्या किनाऱ्यावर तो 10 मीटरच्या आसपास जातो. मही, साबरमती, नर्मदा आणि तापी यांनी आणलेला गाळ या जोरदार प्रवाहांमुळे कधी तळाशी बसतच नाही, आणि म्हणूनच पाण्याला तो रंग आहे. हे कळल्यावर मला तो रंग मळका वाटेनासा झाला. शिवाय उधाणाचा जोर वसंतसंपाताच्या सुमारास, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात, वाढतो. महाशिवरात्र अमावास्येच्या तोंडावर येते आणि होळी पौर्णिमेला, त्यामुळे आपले हे दोन्ही सण उधाणाच्या दिवसांतच पडतात. हिवाळा सरत असल्याची पहिली खूण मला या किनाऱ्यावर मिळाली ती अशी: पौषात जेथे उभी राहून मी छायाचित्रे घेतली होती, तेथे फाल्गुनातल्या पौर्णिमेला पाणी होते.

दुसरी खूण प्रकाशाची. येथील अक्षांशावर 22 डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण 44 अंशच वर येतो, आणि संपाताच्या दिवशी तो 68 अंशांपर्यंत चढतो. हिवाळ्यात सकाळी दहा वाजतासुद्धा चिखलावरच्या वळ्यांना लांब सावल्या असतात. मार्चमध्ये नऊ वाजले की त्या वळ्या सपाट दिसू लागतात, म्हणून तेव्हा सूर्योदयाच्या आधी पोहोचावे किंवा संध्याकाळ धरावी. मावळतीची जागाही बदलते. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला बुडतो आणि वसंतसंपाताला थेट पश्चिमेला. मी एकाच दगडाजवळून, एकाच भिंगाने, दर पंधरवड्याला मावळतीचे एक छायाचित्र घेत गेले आणि ती सगळी शेजारी ठेवली तेव्हा सूर्य उजवीकडे सरकत गेलेला स्पष्ट दिसला.

ओल्या चिखलाचे छायाचित्रण हा स्वतंत्र अभ्यास आहे आणि त्यात माझी पुष्कळ छायाचित्रे वाया गेली. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. आकाशाचे प्रतिबिंब घेऊन चमकणारा चिखल त्याला फार उजळ वाटतो आणि तो चित्र काळवंडवून टाकतो, म्हणून तेथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, थोडे वाढवावे लागते. उलट काळ्याभोर चिखलावर एकटा पांढरा पक्षी असला की मीटर चित्र उजळवतो आणि पिसांमधला सारा तपशील पुसला जातो, तेव्हा तेच एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करावे लागते. पोलरायझर फिल्टर मी येथे वापरत नाही, कारण तो जी चमक काढून टाकतो तिच्यासाठीच तर मी तेथे गेलेली असते.

आणि तिसरी खूण, जिच्यासाठी मी हे सारे लिहायला घेतले, ती कुरवांची, म्हणजे सीगल पक्ष्यांची. तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियातल्या आणि तिबेटच्या उंच पठारांवरील सरोवरांकाठी वीण करतो आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर येतो. हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे असते, डोळ्यामागे तेवढा एक काळसर ठिपका. माघात त्या पांढऱ्यावर तपकिरी शिंतोडे उमटू लागतात, आणि परतीची वेळ जवळ आली की डोक्यावर तपकिरी टोपडे घातल्यासारखे दिसते. एकाच थव्यात कोणी पूर्ण पांढरा, कोणी अर्धवट, कोणी पूर्ण तपकिरी असे पक्षी शेजारी शेजारी उभे असतात तेव्हा पळसाच्या झाडावर कळ्या आणि फुले एकत्र दिसावीत तसे मला वाटते. उडत्या कुरवांसाठी शटरची गती 1/1600 सेकंद ठेवते, पण मला अधिक आवडतात ती वाऱ्याकडे चोच करून स्वस्थ उभ्या असलेल्या थव्याची छायाचित्रे, कारण डोक्यावरचा फरक त्यांतच नीट दिसतो.

गेल्या फाल्गुनात, पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या दिवशी, भरती नुकतीच ओसरू लागली होती आणि सूर्य हातभर वर होता. प्रत्येक लाट परतताना चिखलाचा एक ताजा पट्टा उघडा टाकत होती, त्यावर कुरव उतरत होते आणि त्या उन्हात त्यांची डोकी तांबूस तपकिरी दिसत होती. मी गुडघे टेकून, कॅमेरा जवळजवळ चिखलाच्या पातळीवर आणून, चाळीस मिनिटे तेथे होते. एवढे मात्र सांगितले पाहिजे की ओहोटीच्या मागे मागे आत कधीही चालत जाऊ नये. पाणी परत येते ते समोरून नव्हे, आधी आपल्या पाठीमागच्या घळी भरतात, आणि मऊ गाळात रुतलेला पाय लवकर निघत नाही. मी पक्क्या काठावरूनच काम करते आणि भरती लागण्याच्या तासभर आधी सामान आवरते. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुते, भिंगाच्या काचेवरचे खारे कण कोरडे न पुसता ओलसर कापडाने टिपते. एका वर्षी हा आळस केला आणि फोकसचे कडे मिठाने इतके करकरू लागले की ते भिंग उघडून साफ करून घ्यावे लागले.

पाडव्यानंतरच्या रविवारी अण्णांना घेऊन पुन्हा गेले. त्या दिवशी त्यांनी पाऊणपट केली, वर इथले तास मिळवले आणि भरती बरोबर पकडली, याचा त्यांना फार आनंद झाला. वारा गरम होता, क्षितिज धुळीने पुसले होते आणि थवा निघून गेला होता. चिखलावर दोनच कुरव उरले होते, दोन्ही पहिल्या वर्षाचे, डोकी अजून पांढरीच असलेले. त्यांची छायाचित्रे घेतली आणि वहीत तारखेबरोबर तिथीही लिहून ठेवली.