धुक्यातली धार

आज राजगड-तोरणा धारेवर आम्हा चौघांचा अ‍ॅडव्हेंचर रेससाठी (डोंगररानात स्वतःच वाट शोधत करायची शर्यत) सराव झाला. अशा बहुतेक रेसमध्ये जीपीएस वापरू देत नाहीत. नकाशा आणि होकायंत्र, बस. धुकं इतकं की पुढचा माणूस दिसेना. नकाशा १:५०,०००चा, म्हणजे एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटर उंचीला. त्यामुळे १५ मीटरचा कातळकडा दोन रेषांच्या मध्ये अख्खा लपू शकतो! तसाच एक अचानक पायापुढे आला आणि पोटात गोळाच आला. गुपचूप मागे फिरलो.

त्यात नकाशाच्या पिशवीत पाणी शिरलेलं. घडीवरची शाई फिसकटली, नेमकी आम्हाला हवी ती खिंड. घरी आल्या आल्या नवी प्रिंट काढून दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावत बसलोय. होकायंत्रही मोबाइलच्या खिशातून काढलं, मोबाइलजवळ सुई भरकटते; आता ते गळ्यात.