आरसी नसलेल्या बाइकला सोसायटीचं स्टिकर: माझा अनुभव

मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची बाइकची शर्यत, शिकताना जेवढा आपटलो नसेन, तेवढा त्यासाठीची बाइक बिल्डिंगखाली उभी करण्यासाठी आपटलो. पुण्यात फ्लॅटमध्ये राहून हा नाद करणारे बरेच आहेत. गॅरेज कुणाकडेच नाही, आणि आज ना उद्या प्रत्येकाची गाठ सोसायटीच्या सेक्रेटरीशी पडतेच. म्हणून हे लिहून ठेवतोय.

सोपं होतं ते आधी उरकतो. स्पर्धेचं लायसन्स एफएमएससीआय देते, म्हणजे चेन्नईची फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया. ऑनलाइन अर्ज, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, फोटो, फी, संपलं. सरावाला तळेगावजवळ नाणोलीचा ट्रॅक आहे. बाइक सेकंडहँड कावासाकी केएक्स १००: टू-स्ट्रोक, वजन ८० किलोच्या आत, एकट्याला सहज ढकलता येते.

या बाइकला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, आरसे नाहीत. रस्त्यासाठी ती बनलेलीच नाही, त्यामुळे आरटीओत नोंदणी नाही आणि आरसी बुकही नाही. ट्रॅकवर नेताना छोटा हत्ती टेम्पो सांगायचा, पट्ट्यांनी आवळायची आणि न्यायची. यात बेकायदेशीर काहीच नाही. पण आमच्या सोसायटीच्या ॲपला हे कोण समजावणार?

स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, माझ्या वाट्याला एका कारची जागा आहे. कार लहान, भिंतीकडे दोन-अडीच फूट उरतात. बाइक तिथेच लावणार होतो, दुसऱ्या कुणाची इंचभर जागा लागत नव्हती. मात्र स्टिकर नसलेल्या गाडीला आमच्याकडे साखळी घालतात. स्टिकरसाठी ॲपवर फॉर्म भरायचा, आणि त्यात पहिलाच रकाना ‘वाहन क्रमांक’. एमएच, मग दोन आकडे, मग अक्षरं, मग चार आकडे. यातलं एक कमी असलं तरी चौकोन लाल होतो आणि ‘सबमिट’चं बटण दाबलंच जात नाही.

सेक्रेटरीकाकांना भेटलो. माणूस चांगला आहे, गणपतीत वर्गणी मागताना तर फारच गोड बोलतात. म्हणाले, “आरसीची झेरॉक्स आणा, संध्याकाळी स्टिकर देतो.” आरसी नसतेच, असं सांगितलं, तर “नसतेच म्हणजे? चोरीची आहे का?” बिल दाखवलं. बिल त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “मग पासिंग करून का घेत नाही?” होत नाही, काका. “एजंट सांगू का?” तिथून पुढे काही आठवडे आम्ही जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या डब्यांपाशी हेच संभाषण केलं. दरम्यान बाइक चाकणला मित्राच्या शेडमध्ये. सराव रविवारी तळेगावला आणि साधा एअर फिल्टर साफ करायचा तर चाकणला.

शेवटी कमिटीच्या मीटिंगला विषय घेतला. मी तयारीने गेलो होतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम २(२८) ची प्रिंट काढून प्रत्येकापुढे ठेवली. त्यात मोटार वाहन म्हणजे रस्त्यावर वापरण्याजोगं यांत्रिक वाहन, आणि फक्त बंदिस्त आवारात वापरायची खास बनावटीची वाहनं त्यातून वगळलेली. माझी बाइक यातच बसते, म्हणून आरसीचा प्रश्नच येत नाही, असं सांगून मी खुर्चीत टेकून बसलो. चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कागद शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे हे वाहन नाही. मग वाहनतळात कसं लावणार? हे झालं सामान. पार्किंगमध्ये सामान ठेवायला उपविधी परवानगी देत नाहीत.”

वाहन म्हणावं तर आरसी आणा, सामान म्हणावं तर घरात ठेवा! खटपट करून शोधलेलं कलम माझ्याच गळ्यात अडकलं.

मग निघालं पेट्रोल. टू-स्ट्रोक म्हणजे आग लागणार, असं एका सदस्यांचं मत. टाकीत जेमतेम पाच लिटर मावतं, शेजारच्या कारमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं, हे सांगून झालं. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं, तेही सांगितलं. उगाच सांगितलं. ‘३० लिटर’ एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं आणि पुढचा अर्धा तास मी घरात ड्रम ठेवणार आहे असं धरून चर्चा चालली. तुम्ही हा आकडा काढूच नका. टाकी रिकामी करूनच बाइक आत आणीन, एवढं लिहून द्या.

‘जागा माझ्या मालकीची आहे’ हेही म्हणू नका. मी म्हणणार होतो, पण वकील असलेल्या मावसभावाने आधीच गप्प केलं. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. जागा सोसायटीची, आपल्याला फक्त नेमून दिलेली. मालकीचं बोलायला गेलं की कमिटी खवळते.

गाठ सुटली ती जिन्याखाली. बी विंगमधल्या एका काकूंची छोटी इलेक्ट्रिक स्कूटर तिथे चार्जिंगला लावलेली असते. २५० वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी. अशा गाड्यांना नोंदणी लागत नाही. नंबरप्लेट नाही, आणि पुढच्या पत्र्यावर आमच्याच सोसायटीचं हिरवं स्टिकर! काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अरे, मी कुठला फॉर्म भरतेय? ऑफिसातल्या मुलीने चेसिस नंबर टाकून दिलं.” ॲडमिनच्या लॉगिनमधून ‘इतर’ असा प्रकार निवडता येतो आणि तिथे क्रमांकाचा साचा नसतो. ही गोष्ट सेक्रेटरींना ठाऊक नव्हती, चेअरमनना नव्हती, ॲपच्या हेल्पलाइनलाही नव्हती. ऑफिसात सकाळी दहा ते एक बसणाऱ्या त्या मुलीला ठाऊक होती, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या मीटिंगला कलमं घरी ठेवली आणि काकूंच्या स्कूटरचा फोटो नेला. काकू स्वतःही आल्या आणि माझ्या आधी बोलल्या, “याला नाही तर मलाही नाही, सांगा तसं.” पाच मिनिटांत ठराव झाला. तरी एक प्रतिज्ञापत्र मागितलंच: आवारात इंजिन सुरू करणार नाही, टाकी रिकामी ठेवीन, तेल सांडणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० रुपयांचा स्टँप पेपर जाऊन ५०० चा आला, तो भुर्दंड वेगळा. शिवाय चेसिस नंबरची पेन्सिल छाप हवी. नंबर हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो. त्यात नाणोलीची लाल माती घट्ट बसलेली. जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून ती काढली, सेलोटेपची पट्टी चिकटवली, वरून पेन्सिल फिरवली. पहिले काही आकडे स्पष्ट उमटले, पुढचे केबलच्या आड. केबल बाजूला धरायला वॉचमनमामा आले. साखळी घालणारे तेच, पण त्या दिवशी माझ्याइतकेच खूश होते.

आता आठवेल तसं सांगतो. सेकंडहँड घेत असाल तर मूळ बिलावर चेसिस नंबर आहे ना, तो बाइकवरच्या नंबराशी जुळतो ना, हे पैसे देण्याआधी बघा. विकणाऱ्याचं सहीचं पत्रही घ्या. आरसी नसल्यामुळे मालकीचा पुरावा तेवढाच. चिखल ट्रॅकवर किंवा येताना वॉशिंग सेंटरला धुऊन या. सोसायटीच्या नळाला पाइप लावलात तर टँकरचं बिल तुमच्या नावावर निघेल. फोमचा फिल्टर बाल्कनीत धुता येतो, पण त्याचं चिकट तेल टाइलवरून जात नाही, खाली जुनं फ्लेक्स अंथरा. बटण टायरची, म्हणजे मातीत पकड घेणाऱ्या जाड गुट्ट्यांच्या टायरची, ट्यूबही बाल्कनीतच बदलतो. चाक लिफ्टमधून नेताना गोणपाटात गुंडाळायचं.

मेडिक्लेमची पॉलिसी एकदा वाचा. साहसी खेळांच्या कलमात बहुधा ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यास खर्च मिळणार नाही असं असतं. आपण हौशी आहोत, पण कंपनीकडून ते लेखी घेतलेलं बरं. रस्त्यावरची बाइक घेऊन स्पर्धेत उतरणार असाल, तर गाडीचा नेहमीचा विमा शर्यतीतलं नुकसान देत नाही.

गेटवरच्या रजिस्टरमध्ये मामा अजूनही गाडी नंबरच्या जागी माझा रेसचा नंबर लिहितात. एप्रिलमध्ये सगळ्यांचीच स्टिकर नव्याने काढायची आहेत. कमिटी बदललीय, ऑफिसातली ती मुलगीही लग्न होऊन नाशिकला गेली. ठरावाची प्रत मी लॅमिनेट करून ठेवलीय.